पाहुण्याने केलेला पाय

काकांचा पाय गुडघ्याखालून कापला, अशी बातमी आली त्या दिवशी रंगाऱ्याने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. वर बिस्किटंही. एरवी हा माणूस स्वतःच्या वाढदिवसालाही कुणाला पाणी विचारत नाही. मालक जरा दचकलेच. म्हणाले, "अरे, सख्खा काका ना तुझा?"

रंगारी कपात बिस्कीट बुडवत म्हणाला, "सख्खा नाही. तेच तर ते आयुष्यभर सांगत आलेत."

मी दुसरा कप मागून घेतला.

आमचं वर्कशॉप कृत्रिम हातापायांचं, हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला. माझं काम पट्टे शिवायचं आणि आतून अस्तर लावायचं. रंगाऱ्याचं टेबल माझ्या टेबलाला खेटून. त्याला रंगारी हे नाव मीच ठेवलं. कंपनीकडून रबरी पावलं येतात ती सगळी गुलाबीसर, आणि खोक्यावर छापलेलं असतं 'त्वचेचा रंग'. कुणाच्या त्वचेचा, ते कुणी विचारत नाही. माझ्या म्हणा, कारण मी त्याच रंगाची आहे, आणि खोटं कशाला बोलू, हा येईपर्यंत मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. काळा माणूस आला तरी त्याला तोच गुलाबी पाय मिळायचा. कुरकुर केली तर मालक सांगायचे, "पँटखाली कोण बघतंय?"

हा कामाला लागला आणि थोड्याच दिवसांत रंगाच्या बाटल्या घेऊन बसला. थेंब थेंब मिसळायचा, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, पुसायचा, पुन्हा मिसळायचा. त्याचं मनगट काळंभोर. आमच्या अख्ख्या वर्कशॉपात तेवढं एकच. तेव्हापासून आमच्याकडे ज्याच्या त्याच्या रंगाचा पाय मिळतो.

त्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, पट्टे शिवता शिवता. नीट चालताही येत नव्हतं तेव्हा त्याला समुद्रापलीकडून आणलं. दत्तक. आई गोरी, वडील गोरे, वरच्या मजल्यावर राहणारे काका तर इतके गोरे की उन्हात जरा उभे राहिले तरी लालबुंद व्हायचे. आई त्याला दुकानात घेऊन गेली की बायका वाकून बघायच्या. कुठून आणला? मूळचा कुणाचा? परत मागितला तर? मोठा झाल्यावर त्रास नाही ना देणार? भाजी निवडता निवडता विचारायच्या, पोराच्या डोक्यावरून. त्याला वाटायचं, लोक आईच्या हातातल्या पिशवीबद्दलच बोलतायत.

परक्यांचं सोडा. काकांनी त्याला नावच ठेवलं होतं, पाहुणा. एकत्र जेवायला बसले की ताटं मोजायचे आणि म्हणायचे, "घरचे एवढे, आणि एक पाहुणा." मग स्वतःच हसायचे. त्याची आई मोठी खमकी बाई. एकदा ती शांतपणे उठली आणि पातेलं उचलून थेट पोरापाशी गेली. म्हणाली, "पाहुण्याला आधी वाढायचं असतं, भावजी. घरचे थांबतील." त्या दिवसापासून रोज पहिली वाढ त्याला आणि शेवटची काकांना. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण वहिनीपुढे बोलायची टाप नव्हती.

ही बाई अंथरुणाला खिळलेली असताना वडील गेले, आणि काकांना मोकळं रान मिळालं. शवपेटी उचलायची वेळ आली. रंगारी तेव्हा कॉलेजात होता. तो पुढे झाला, पेटीच्या कडीला हात घातला. काकांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. म्हणाले, "तू मागे राहा. घरच्यांना उचलू दे."

एक खांदा कमी पडत होता. काकांनी गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली.

हे मी ऐकलं तेव्हा हातातली सुई माझ्या अंगठ्यात घुसली. त्या ड्रायव्हरने बापड्याने सिगरेट टाकली, हात पँटला पुसले आणि परक्याच्या बापाला खांदा दिला. मुलगा गर्दीच्या मागून चालत गेला. पुढे आईच्या वेळी त्याने कुणाला विचारलं नाही. काका आलेच नाहीत.

तर असे हे काका एक दिवस कुबड्या टेकत आमच्या दारात आले, बरोबर डॉक्टरीणबाई. दुसऱ्या दोन वर्कशॉपमधून पाय करून झाले होते, दोन्ही वेळा जखमा झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याची ओळख करून दिली, इथला सगळ्यात चांगला कारागीर म्हणून. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि काय म्हणाले असतील?

"हो, हो. आमच्याकडे असायचा हा पूर्वी. वहिनींनी ठेवला होता."

भांडी घासायला ठेवला असावा तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रंगारी फक्त म्हणाला, "बसा. पाय दाखवा."

ते गेल्यावर मी त्याला म्हटलं, "बोटभर आखूड कर. मरेपर्यंत लंगडू दे." मी मनापासून सांगत होते. अस्तरात शिवणीची गाठ आतल्या बाजूला ठेवायचीही माझी तयारी होती. चालताना टोचत राहिली असती.

तो म्हणाला, "ताई, टोचलं तर परत आणून टाकतील. परत आणता येणार नाही असा करायचाय."

आणि त्याने तसा केला. मी इतकी वर्षं त्याचं काम बघतेय, पण या पायाइतका जीव त्याने कशात ओतला नव्हता. प्लास्टरचा साचा घेतला, मोडला, पुन्हा घेतला. उरलेला पाय ज्यात बसतो त्या भागाला आम्ही सॉकेट म्हणतो. ते आधी पारदर्शक प्लास्टिकचं करून बघतात, म्हणजे कुठे दाबतंय ते बाहेरून दिसतं. काकांना त्याने ते घालून चालवलं, खुणा केल्या, घासलं, पुन्हा चालवलं. काका यायचे, बसायचे, त्याच्याशी अवाक्षर न बोलता पाय पुढे करायचे. हा जमिनीवर गुडघे टेकून त्यांचा पाय हातात घ्यायचा. बघून माझे हात शिवशिवायचे. पण हळूहळू काका कुबड्या विसरले. एक दिवस काठीही गाडीत विसरून आले. जखम नाही, वळ नाही. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान की मला बघवेना.

पक्का पाय ओतायच्या आधी रंगाऱ्याने रीतसर विचारलं, माझ्यासमोर. "रंग कुठला?"

काका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "नेहमीचा. त्वचेचा."

"त्वचेचाच करतो," तो म्हणाला.

हा रंग वरून फासलेला नसतो. पाय ज्या राळेचा करतात त्या पातळ राळेतच आधी मिसळतात, मग ओततात. खरवडला तरी खालून तोच निघतो. पावलावरही त्याने त्याच रंगाची सिलिकॉनची कातडी चढवली. पाय न्यायच्या दिवशी वरचं फडकं काढलं आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. रंगाऱ्याच्या रंगाचा पाय. नखं थोडी फिकट, टाचेला किंचित उजळ, अगदी जिवंत.

"हे काय आहे?"

रंगाऱ्याने बाही वर केली आणि हात पायाशेजारी ठेवला. "त्वचा," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात."

"हा माझा पाय नाही!"

"पहिली काही वर्षं असं वाटतं," रंगारी इतक्या थंडपणे बोलत होता की मालकही मध्ये पडले नाहीत. "लोक वाकून बघतील. कुठून आणला विचारतील. मूळचा कुणाचा, परत करता येतो का, हेही विचारतील. तुम्ही तिथेच असाल, पण तुम्हाला नाही विचारणार, पायाकडे बघून बोलतील. सवय होते. मला झाली."

काकांनी आरडाओरडा केला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आमच्या मालकांचा उद्धार केला. रंगाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बदलून देतो. हा इथे ठेवून जा. पुन्हा साचा, पुन्हा तेवढेच महिने, तोवर कुबड्या. आणि असाच बसेल याची खात्री नाही, हं. असा पाय माझ्या हातून एकदाच झालाय."

काका बसून राहिले. मग त्यांनी पाय चढवला आणि दोन पावलं टाकली. मग चार. एवढा राग होता, पण पाऊल कसं अलगद पडत होतं! त्यांना घरी जायचं होतं, क्लबच्या तलावाकाठी अर्ध्या चड्डीत बसून गप्पा छाटायच्या होत्या, आणि ते सगळं या पायाशिवाय होणार नव्हतं. ते तसेच निघून गेले. दार आपटलं, पण आपटायला दोन्ही पायांवर उभे होते.

इथे माझा हात लागला. काकांचा पट्टा सैल झाला की दुरुस्तीला यावं लागणार, आणि पट्ट्यांच्या वेळा मी देते. आमच्याकडे एक आजी येतात. काळ्या, ठेंगण्या, तोंडाच्या फटकळ. रंगारी यायच्या आधीचा त्यांचा पाय, गुलाबी. तो झिजल्याशिवाय नवा मिळत नाही, म्हणून आजी तो झिजवायला दिवसभर चालत असतात. मी दोघांना एकाच दिवशी बोलावलं, एकाच वेळेला. अजिबात वाईट वाटलं नाही.

काका बाकावर बसले होते, पँटचा पाय वर दुमडून. आजी आल्या, शेजारी टेकल्या. काकांचा पाय बघितला, स्वतःचा बघितला. मग साऱ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, आपली अदलाबदल झाली वाटतं! तो माझा दिसतोय. काढा बघू." आणि खरंच हात पुढे केला.

बाकावरची माणसं हसायला लागली. काका पायावर दोन्ही हात आवळून ओरडले, "हात लावू नका! माझा आहे हा!"

"तुमचा कसा असेल?" आजी म्हणाल्या. "रंग तर बघा."

"रंगाचं काय घेऊन बसलात? माझाच आहे! दुसऱ्या कुणाचा असणार?"

बोलून झाल्यावर काकांनी वर पाहिलं. आतल्या दारात रंगारी उभा होता, हातात पाना. थोबाडीत मारल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं. आम्हाला वाटलं होतं, हसेल. हेच वाक्य ऐकण्यासाठी त्याने त्या घरात सगळं लहानपण काढलं होतं, आणि काकांनी ते अखेर उच्चारलं ते राळेच्या एका नळीसाठी.

काका घसा खाकरून म्हणाले, "पट्टा सैल झालाय. जरा लवकर बघशील का?" पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलत होते.

रंगाऱ्याने पाना खिशात टाकला आणि आजींना हात दिला.

"आजी, तुम्ही या आधी," तो म्हणाला. "हे घरचे आहेत. थांबतील."