उमाजीचा अंगठा

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. रामनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत उमाजी घड्याळजीने कपाट उघडलं आणि ओल धरू नये म्हणून आत रात्रभर लावून ठेवलेल्या बल्बला आधी हात लावून पाहिला. गरम होता, म्हणजे रात्री वीज गेली नव्हती.

कपाटात चौदा मनगटी घड्याळं, सगळी किल्लीची, सगळी दुसऱ्यांची. पावसाचे चार महिने ती उमाजीकडे असतात. ही पद्धत येसूमुळे पडली. बाजारकुणंगच्या येसूने एका पावसाळ्यात बापाचं घड्याळ ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलं. कोंड्याची भुकटी आत गेली आणि ते बंद पडलं; उमाजीने खोलून साफ केल्यावर पुन्हा चालू झालं. तेव्हापासून आसपासचे लोक आपली घड्याळं या कपाटात आणून ठेवतात. तेल एका जागी बसू नये म्हणून उमाजी रोज दोन घड्याळांना किल्ली देतो. प्रत्येकाची पाळी आठवड्याने येते.

आज पहिली पाळी येसूच्या घड्याळाची होती. नातवाच्या बारशाला घालायला ते न्यायला तो नऊच्या बसने येणार होता.

या घड्याळाला किल्लीच्या बटणाचे वीस-बावीस वळसे लागतात, पण उमाजीचा भरवसा आकड्यावर कधीच नव्हता. शेवटाला बटण जड होतं, ते अंगठ्याला कळतं. अठराव्या वळशाला तो थांबला. अंगठ्याला काहीच कळत नव्हतं.

साखरेच्या आजाराने बोटं बधिर होतील, असं डॉक्टर म्हणाले होते. गेल्या बुधवारी किल्ली जास्त दिली जाऊन त्याच्या स्वतःच्या घड्याळाची स्प्रिंग तुटली, तेही बटण मोकळं फिरायला लागल्यावर त्याला समजलं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. येसूच्या घड्याळाची स्प्रिंग आता बेळगावातही मिळत नाही.

त्याने हात पुसले, बटण धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मंगल चहा घेऊन आली तेव्हा तो तसाच बसून होता. शेवटी बुधवारचं सगळं त्याने बायकोला सांगितलं आणि घड्याळ तिच्यापुढे केलं.

"मी काय घड्याळजी हाय व्हय?"

"भाकरी कुठं जाड, कुठं पातळ, ते बोटांना कळतंय न्हवं? जड लागलं की थांब."

एकोणीस. वीस. मंगल बटण फिरवत होती, उमाजी वळसे मोजत होता.

"अडतंय," मंगल म्हणाली. "म्होरं न्हाई मी जात."

येसू आला तेव्हा घड्याळ हातात देण्याआधीच उमाजीने अंगठ्याचं आणि आजची किल्ली मंगलने दिल्याचं सांगून टाकलं. येसूने घड्याळ घेऊन कानाला लावलं आणि बराच वेळ ऐकत राहिला. बाकीची घड्याळं त्याच्याच ओळखीपाळखीच्यांची होती. त्याचा विश्वास उडाला, तर आठवड्याभरात कपाट रिकामं होणार होतं.

"म्हंजे आता किल्ली वैनीच्या हातात," येसू म्हणाला. "बरं झालं, तुमच्यापरीस ती कमी बडबडती. ऐतवारी आणून देतो."

मंगलने एकच अट घातली: भाकऱ्या थापून झाल्याशिवाय घड्याळाला हात लावणार नाही. त्यामुळे उद्या कपाट सव्वासातला उघडेल. पाळी लखू आणि विनायक या आणखी दोन गिऱ्हाइकांच्या घड्याळांची आहे.