रखमाजीआबा सस्पेंड होतात

परंदवडीच्या रखमाजीआबांनी एकतीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांचा माल नापास केला. इन्स्पेक्शन खात्यात होते. स्वतः एक म्हणून वस्तू बनवली नाही, पण खडूच्या फुल्या मारल्या त्याला गणती नाही. रिटायर झाले तरी खडू खिशातच राहिला. भाकरीचा काठ जाड दिसला की तिच्यावरही फुली पडायची. त्यांची बायको अंबूबाई ती भाकरी निमूट म्हशीला घालायची आणि आबांना दुसरी द्यायची नाही.

मग स्वयंपाकघराचा कोबा उखडला आणि नव्या फरशा आल्या. आबांनी फुल्या मारमारून आठवड्यात दोन गवंडी पळवून लावले, त्यात वडगावचा सोपान म्हणजे नावाजलेला कारागीर. अंगणात तीन दगडांवर स्वयंपाक करून अंबूबाईचे डोळे चुरचुरायला लागले.

"अवो, तुमीच बसवा की मंग! लय कळतंय ना?"

टोमणा होता. आबांनी ती ऑर्डर समजली.

फरशा भिजवल्या, दोरी ताणली, सांधे सारखे यावेत म्हणून मधे आगपेटीच्या काड्या ठेवल्या आणि मागच्या भिंतीपासून दाराकडे सरकत नऊ फरशा बसवल्या. दुसऱ्या सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आत शिरले. आता ते साहेब होते. एकेक फरशी नाण्यानं वाजवली. घट्ट बसलेली टण्ण वाजते, खाली पोकळी राहिली तर बद. चार बद निघाल्या. चार फुल्या, चारही उखडल्या.

असे पाच आठवडे गेले. 'कामगार रखमाजी, कामात हलगर्जी' असा मेमो निघाला. देणाऱ्याची सही रखमाजी, घेणाऱ्याची सही रखमाजी. तिसऱ्या मेमोनंतर आबांनी नियमाप्रमाणे स्वतःला सस्पेंड केलं आणि ओसरीवर येऊन बसले. मी शेजारीच राहतो; काम का थांबलं, म्हणून विचारलं.

"गवंडी सस्पेंड हाय," आबा म्हणाले.

"मग घ्या की परत."

"साहेब ऐकत न्हाई."

मला हसू आवरेना. पण आबा खाली बघत पुटपुटले, "आख्ख्या जल्मात एक वस्तू कराय घेतली, ती बी नापास." तेव्हा मात्र माझं हसू गेलं.

अंबूबाईनं ते आतून ऐकलं. पदर खोचून बाहेर आली. "मी युनियन हाय. गवंड्याला कामावर घेतल्याबिगर चूल पेटायची न्हाई. साहेबाला बलवा."

आबा आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले. "बोला."

"साहेब, तुमी वर्सामागंच रिटायर झाला. मीच न्हाई का हार घालून घरी आनलं? तो खडू द्या हिकडं."

आबांनी खिशात हात घातला. मग खडू तिच्या हातावर ठेवला.

उरलेल्या फरशा दोन दिवसांत बसल्या. दाराजवळची शेवटची वाळल्यावर बद वाजली. आबांचा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. अंबूबाई त्याच फरशीवर जाऊन उभी राहिली. "पास," म्हणाली, आणि गॅस पेटवायला गेली.

परवा सोपान चहाला आला होता. दारातच थबकला, टाचेनं दोनदा ठोकून बघितलं आणि हसला.

"आबा, ही बद वाजतीय की."

"पाय काढ," आबा ओरडले. "पास झालेला माल हाय तो."