दोरीपलीकडचं लोणी

"तुम्ही खऱ्या आहात का?" असं एका बाईने अट्रॅक्टा कॉनबॉय यांना एकदा विचारलं होतं. बाई ओहायोहून आली होती. शेजारच्या खोलीतले तीन पुतळे बघून ती स्वयंपाकघरात शिरली, आणि चुलीजवळच्या स्टुलावर बसलेली चौथी आकृती एकदम शिंकली.

"हात लावून बघ," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. "पण आधी धुऊन ये."

क्लूनमॅकनच्या लोकजीवन संग्रहालयात येणाऱ्या माणसांबद्दल अट्रॅक्टाबाईंचं मत वाईट होतं, आणि ते सुधारावं असं अकरा वर्षांत कुणी काही केलं नव्हतं. माणसं बसमधून उतरत, 'किती शांत आहे हो इथं' म्हणत, आणि वीस मिनिटांत त्या शांततेला कंटाळून चहा कुठे मिळतो ते विचारत. जर्मन लोक प्रत्येक पाटी शेवटच्या टिंबापर्यंत वाचत. डब्लिनचे नवरे पाटी न वाचताच बायकोला समजावून सांगत. सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव असे: आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा, गोड आणि घाईचा.

संग्रहालय गावच्या जुन्या शाळेत भरलं होतं. अट्रॅक्टाबाई त्याच शाळेत शिकल्या होत्या. आता तिथे फळ्यापुढे मास्तरांचा पुतळा उभा होता. कपड्यांच्या दुकानातून आणलेला, त्यामुळे हसरा. "आमचा मास्तर शवपेटीतसुद्धा हसला नव्हता," असं त्या तिकीट देणाऱ्या मॅलकी गॅननला दर रविवारी सांगत. चुलीत विस्तवाच्या जागी लाल दिवा होता. भिंतीवर गाडीचं चाक, त्याला ताजा निळा रंग.

"मॅलकी, गरिबी पन्नास वर्षं जुनी झाली की तिला पाटी लावतात बघ."

"लावू देत की. मला पगार मिळतो," मॅलकी म्हणे. तो सत्तरीला टेकला होता, बायको अंथरुणाला खिळलेली होती, आणि गावात दुसरी नोकरी नव्हती.

अट्रॅक्टाबाईंचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. सात भावंडांत त्या तिसऱ्या. भाऊ मँचेस्टरला गेले, बहिणी बोस्टनला. आई म्हातारी, गोठ्यात चार गाई; कुणीतरी मागे राहायला हवं होतं, त्या राहिल्या. लग्न झालं नाही. नव्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं मुलांना जेवायला वाढलं, आणि कोणाचं मूल ताटात काय टाकतं यावरून ते घर कसं आहे हे त्या अचूक सांगत. आई गेल्यावर गाई विकल्या. राहिलं ते आईचं लोणी काढायचं पीप. कमरेएवढं उंच, ओकच्या फळ्यांचं, वर निमुळतं. झाकणाला मधोमध भोक, त्यातून दांडा. तो वरखाली हाणायचा. संग्रहालय निघालं तेव्हा त्यांनी ते तिथे ठेवायला दिलं. "ठेवायला. दान नव्हे," हे समितीसमोर दोनदा म्हणून घेतलं.

आणि पीप दिलं तर त्याच्याबरोबर त्याची रीतही दिली. मे ते सप्टेंबर, दर रविवारी तीन वाजता त्या घुसळायला उभ्या राहत. घुसळण चालू असताना जो कोणी दारातून आत येईल त्याने "देव बरकत देवो कामाला" म्हणायचं आणि दांड्याला हात लावायचा. तसाच परत गेला तर घरातलं लोणी त्याच्याबरोबर जातं. रॉसकॉमनमधल्या त्या टापूत हे सांगावं लागत नसे. पोस्टमन यायचा, टपाल खिशातच ठेवून दांडा धरायचा. पाद्रीही धरायचे.

"तुमचा यावर विश्वास आहे?" पाहुणे विचारत.

"विश्वासाचं काय घेऊन बसलास? काम चाललेल्या घरात माणूस खांबासारखा उभा राहतो का? धर!"

मग ते धरत. अट्रॅक्टाबाई बाजूला उभ्या राहून तोंड सोडत. "अरे, पीप आहे ते, तुझी सासू नाही, जोर लाव." "बाई, नखं सांभाळायची असतील तर लोणी बाजारातून आणा." रांग दारापर्यंत जाई. आवाज बदलला, दांडा जड झाला, की त्या सगळ्यांना बाजूला सारून शेवटचा हात स्वतः मारत, झाकण काढत, आणि ताकावर आलेले पिवळे कण बघून एवढीशी मान हलवत. मग सोड्याच्या पावावर लोणी लावून प्रत्येकाला एक तुकडा. ज्याने हात लावला नाही त्याला नाही.

या वर्षी मे महिन्यात डर्व्हला कीव्हनी व्यवस्थापक म्हणून आली. ती शहरात संग्रहालयशास्त्र शिकली होती. पण मूळची क्लूनमॅकनचीच. शाळेत गाजर ताटाखाली लपवणारी. आली ती एक लाल दोरी, पितळेचे दोन खांब आणि एक कागद घेऊन.

"अट्रॅक्टा, गुरुवारी डब्लिनहून तपासणी आहे," ती म्हणाली. "प्रमाणपत्र मिळालं नाही तर अनुदान बंद. अनुदान बंद झालं तर मॅलकीसकट पाच जण घरी बसणार. पाहुण्यांनी वस्तूंना हात लावायचा नाही हा पहिला नियम आहे. तुम्ही दोरीच्या आत घुसळा, लोक बाहेरून बघतील."

"बघतील म्हणजे?"

"बघतील म्हणजे... बघतील."

"आणि पिशवीतलं हे काय?"

"शाल. काळी. त्या काळातली वाटावी म्हणून."

"त्या काळात माझी आई नायलॉनचा स्वेटर आणि रबरी बूट घालून घुसळायची. तुझी आजीही तेच घालायची, आणि तिचे बूट आमच्याकडून नेलेले होते."

डर्व्हला लाल झाली, पण मागे हटली नाही. "अजून एक आहे. प्रमाणपत्र मिळालं की हे पीप काचेच्या कपाटात जाईल. शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणखी किती झिजवणार? त्यासाठी तुम्ही ते संग्रहालयाला दिलं अशी सही लागेल."

"म्हणजे दोरी लावायला आली नाहीस. पीप न्यायला आलीस. ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस, पोरी?"

संध्याकाळी मॅलकी बाईंच्या घरी आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. "अट्रॅक्टा, एक गुरुवार. एवढा एकच. तोंड बंद ठेव, शाल पांघर आणि दोरीच्या आत राहा. माझ्यासाठी."

"तोंडाचं सांगत नाही. बाकीचं करीन." सहीचं मात्र त्यांनी गुरुवारनंतर बघू म्हणून टाळलं. पीप काचेत गेलं तर आपण क्लूनमॅकनमध्ये नक्की कशासाठी उरलो, हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि असले प्रश्न पडणाऱ्या माणसांचाही त्यांना तिटकाराच होता.

गुरुवारी प्रेंडरगास्ट नावाचे गृहस्थ आले. उंच, स्वच्छ, हातात पाटीएवढा संगणक. डर्व्हला आणि समितीचे चौघे त्यांच्यामागे. सगळे दोरीबाहेर ओळीने उभे राहिले. अट्रॅक्टाबाईंनी शाल पांघरली होती, आणि तिच्या आत नायलॉनचा स्वेटर घातला होता.

त्यांनी सुरुवात केली. दहा मिनिटं हात छान चालला. पंधराव्या मिनिटाला उजवा खांदा बोलू लागला. विसाव्याला डावा. साय फुगली होती, लोण्याचा पत्ता नव्हता. त्यांनी मनातल्या मनात वेळ मोजला आणि पहिल्यांदाच एक हिशेब लक्षात आला. अकरा वर्षं आपण घुसळतो असं त्या समजत होत्या. पण आपण घुसळायचो किती? सुरुवातीची पाच मिनिटं आणि शेवटचा हात. मधलं सगळं त्या बावळट, जाकीटवाल्या, नखंवाल्या माणसांनी केलं होतं. त्याआधी घरी सात भावंडं होती, आई होती, पोस्टमन होता. आयुष्यात एकटीने लोणी त्यांनी कधी काढलंच नव्हतं. कुणीच काढलं नव्हतं. एकटीचं काम नव्हतंच ते. म्हणून तर दारातून येणाऱ्याला धरून उभं करायची रीत पडली असणार.

हे कळून काही सोय झाली नाही. हात मंदावला, आणि मंद हाताला लोणी येत नाही.

"साधारण किती वेळ लागतो?" प्रेंडरगास्टांनी विचारलं.

"तुम्ही किती जण किती वेळ नुसते उभे राहता त्यावर आहे."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. थांबावं, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला झेपत नाही हे या माणसाच्या संगणकात जाणार. मदत मागावी, तर मॅलकीची नोकरी. त्या हाणत राहिल्या. कपाळावरचा घाम पुसायला त्या शालीचा उपयोग झाला, एवढंच तिचं कौतुक.

तेवढ्यात मॅलकी साहेबांसाठी चहाचा ट्रे घेऊन आत आला. त्याने घुसळण पाहिली. ट्रे शेजारी मांडलेल्या जुन्या पाळण्यात ठेवला, टोपी काढली, "देव बरकत देवो कामाला!" म्हणाला, दोरीखालून वाकून आत गेला आणि दांडा धरला. सत्तर वर्षांत तो ज्या ज्या घरात शिरला होता तिथे त्याने हेच केलं होतं. वीसेक हात मारल्यावर त्याला डर्व्हलाचा चेहरा दिसला.

"अरे देवा," तो म्हणाला. पण दांडा सोडेना. लोणी आल्याशिवाय मधेच सोडणं त्याहून वाईट.

"हाण आता," अट्रॅक्टाबाई खांदा चोळत म्हणाल्या. "वाटोळं झालंच आहे तर लोणी तरी निघू दे."

दहा मिनिटांत निघालं. बाईंनी पावाला लावून पहिला तुकडा प्रेंडरगास्टांसमोर धरला, कारण काही झालं तरी ते पाहुणे होते. त्यांनी नम्रपणे हात वर केला. तपासणीच्या काळात काही स्वीकारता येत नाही, असं म्हणाले.

"बरोबर आहे," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या, आणि तो तुकडा मॅलकीला दिला. "हात न लावता खायचं नाही, हा आमचाही नियम आहे."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रमाणपत्र मिळालं. अट होती: पीप वापरातून काढावं, आणि दोरी ओलांडू नये याचं कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं. मॅलकीला चार पानी पुस्तिका मिळाली. ती त्याने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. नोकरी राहिली.

डर्व्हलाने सहीचा कागद पुढे केला. अट्रॅक्टाबाईंनी तो वाचला, अगदी जर्मनांसारखा, शेवटच्या टिंबापर्यंत, आणि सही न करता परत दिला. शनिवारी मॅलकीने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि पीप घरी आणून सोडलं. संग्रहालयाने पाइनच्या लाकडाचं नवं करून घेतलं. ते रिकामंच असतं. वरती पडद्यावर एक मुलगी घुसळताना दिसते, शाल पांघरून.

रविवारी अट्रॅक्टाबाईंनी शेजाऱ्यांकडून साय आणली, पीप खिडकीशी ओढलं, दार सताड उघडं टाकलं आणि तीनला सुरुवात केली. दहा मिनिटं छान चाललं. मग खांदा. रस्त्यावर कुणी नव्हतं. मॅलकी पाचपर्यंत तिकिटं देत बसलेला. काचेच्या कपाटापासून वाचवून आणलेलं पीप आपल्या एकटीच्या घरात काचेच्या कपाटात असल्यासारखंच आहे, हे त्यांना कबूल करावं लागलं. कबुली द्यायला समोर कुणी नव्हतं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

सव्वातीनला डर्व्हलाची गाडी थांबली. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. हातात पावती. "पीप परत मिळालं अशी सही हवी होती. मी आत येत नाही, अट्रॅक्टा. तुम्हीच जरा बाहेर या."

"हात मोकळे नाहीत."

"मग मी थांबते."

"थांब. पण नुसती बघत उभी राहणार असशील तर तिकीट पडेल."

"साडेतीनला बस यायची आहे हो..."

दांडा वर गेला आणि खाली यायला फार वेळ लावला. डर्व्हलाने ते पाहिलं. तिने उंबरा ओलांडला, पावती मिठाच्या बरणीखाली ठेवली, पुटपुटत का होईना पण बरकतीचं म्हणाली, आणि बाह्या वर केल्या.

बाई खुर्चीत बसल्या. "कंबरेतून नको, खांद्यातून. अगं खांद्यातून! हेच शिकवलं का कॉलेजात?"

"कॉलेजात पीप काचेत होतं," डर्व्हला धापा टाकत म्हणाली.

"दिसतंच आहे."

थोड्या वेळाने डर्व्हलाचाही हात मंदावला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"बसमध्ये किती जण आहेत?"

"बेचाळीस."

"बेचाळीस. आणि कामाचा एकही नसेल." त्या पुढे झाल्या आणि दांडा तिच्या हातातून काढून घेतला. "जा तू. त्यातले चार धडधाकट बघून इकडे पाठव. फोटो काढणारे नकोत."

डर्व्हला दारात वळली. "त्यांना काय सांगू? इथे काय आहे म्हणून?"

"सांग, बघण्यासारखं काही नाही."