एका वेबसाईटची दोन उद्घाटनं

बजरंगच्या अयोध्यानं केळी गटाची वेबसाईट घरात कोंडून ठेवली, अशी बातमी गावात उठली. सकाळी पाणी भरायच्या वेळेला ती एवढीच होती. चहाच्या हॉटेलापर्यंत पोचेस्तोवर तिला कडीकुलूप लागलं, आणि दुपारी अर्धापूरहून आलेल्या एका भल्या माणसानं मला विचारलं, "किल्ली सासूच्या कंबरेला हाय म्हणे. खरं का?"

खरं काही नव्हतं. म्हणजे अगदीच नव्हतं असंही नाही. वेबसाईट होती, ती अयोध्याच्या घरात होती, आणि घराबाहेर कुणाला दिसत नव्हती. पण कोंडली-बिंडली नव्हती. ती अजून नेटवर चढलीच नव्हती. नाटकाची तालीम बंद खोलीत चालते, तशी ती लॅपटॉपच्या आतल्या आत चालू होती. गडबड एवढीच झाली, की तालमीच्या खोलीचा पत्ता बॅनरवर छापला गेला.

अयोध्याचं माहेर निलंग्याकडचं. लातूरला बीएस्सी केली आणि लग्न होऊन आमच्या शेजारी आली. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही छातीएवढी. त्यामुळं बातम्यांना वळसा घालून यावं लागत नाही. नवरा बजरंग केळीच्या बागेत, आणि ही दुपारी ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, फोनवरचे व्हिडिओ थांबवत थांबवत वेबसाईट करायला शिकलेली. तिची एक सवय मला फार आवडते. आपल्याकडं पडद्यावर लाल अक्षरं आली, की माणूस आधी दचकतो, मग डबा बंद करतो, मग पुन्हा चालू करतो, आणि शेवटी दुकानदाराला शिव्या देतो. ही ती लाल अक्षरं वाचत बसते. पोथी वाचल्यासारखी, ओठ हलवत. सासू चांगुणाबाईला सुरुवातीला वाटलं, सून जप करते. त्यामुळं काही महिने घरात तिचा मान वाढला होता.

मग जप नाही हे कळलं.

"किती दिवस खेळनार हाईस त्या डबड्यासंगं?" चांगुणाबाईनं भिंतीच्या अलीकडं ऐकू येईल अशा बेतानं विचारलं. "गटाचं काम मिळालं तर बघू. न्हाई मिळालं तर ते माळ्यावर, आन तू पॅकिंगच्या शेडात केळीचे घड धुवायला."

तर हे काम काय, ते सांगतो. आमचा केळी उत्पादक गट आहे. कुणाचा माल कापणीला आलाय आणि आजचा भाव काय, हे बाहेरच्या व्यापाऱ्यांना घरबसल्या दिसावं म्हणून गटाला वेबसाईट हवी होती. अध्यक्ष साहेबराव अण्णांचा जावई राजशेखर लातूरला हेच काम करतो. काचेच्या दाराचं ऑफिस आहे, दार ढकलायचं की ओढायचं हे त्यावर लिहिलेलं आहे. काम त्याच्याकडंच जाणार होतं. पण उपाध्यक्ष श्रीमंत नाना उभे राहिले. नानांना वेबसाईटचं काही नव्हतं. अण्णांचा जावई नको, एवढंच होतं. अयोध्या त्यांच्या चुलतभावाची सून. मग ठरलं, की वर्षभराचं काम अयोध्याला द्यायचं, पण गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वेबसाईट चालली तरच. नाही चालली तर लातूर.

आता बैठक साधी ठेवतील तर ते आमचं गाव कसलं? बैठकीचाच उद्घाटन सोहळा झाला. बोअरचं पाणी असो, विजेची डीपी असो, स्मशानातला बाक असो, आमच्याकडं नारळ फुटल्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. अर्धापूरच्या चौकात बॅनर लागलं. अण्णा दारापेक्षा मोठे, नाना खिडकीएवढे, बाकीचे कार्यकारिणी सदस्य तिकिटाएवढे. खाली वेबसाईटचा पत्ता. छापणाऱ्यानं पत्ता मागितला, तेव्हा अयोध्यानं आपल्या पडद्यावर दिसत होता तोच पाठवून दिला. लोकलहोस्ट, आणि पुढं काहीतरी.

लोकांनी चौकात उभं राहून तो पत्ता फोनात टाकला. कुणालाच काही दिसलं नाही. तिच्या लॅपटॉपवर मात्र झकास दिसत होतं. त्यातून ती कोंडून ठेवल्याची बातमी निघाली.

अयोध्याला चूक कळली तेव्हा ती ओसरीवर कपाळाला हात लावून बसली होती. मी भिंतीवरून विचारलं, "काऊन गं, काय झालं?"

"भाऊजी, त्या पत्त्याचा अर्थ 'मी स्वतः'. माझ्या लॅपटॉपवर टाकला की लॅपटॉप सोताकडं बघतो, तिथं साईट हाय. लोकांच्या फोनात टाकला की फोन सोताकडंच बघतो."

"आन त्याच्यात काय हाय?"

"काहीच न्हाई."

"मग लोकांचा राग बरोबर हाय," मी म्हणालो. "सोताच्या आत बघा, काहीच न्हाई, असं चौकात बॅनर लावून कुणी सांगतं का?"

ती हसली नाही. तिनं बजरंगला पाठवून त्या पत्त्यावर पांढरी पट्टी चिकटवून घेतली. पट्टीवर लिहिलं, 'लवकरच'. गावाला ते जास्त ओळखीचं वाटलं आणि गडबड थांबली.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी दात घासत भिंतीशी उभा होतो, तर श्रीमंत नाना धुवट टोपी घालून अयोध्याच्या दारात हजर.

"सूनबाई, ते बटन कुठाय?"

"नाना, ते दुपारी शेडात. अण्णांच्या हातानं."

"ते माहीत हाय मला. पत्रिकेत त्याचं नाव हाय. पण साईट तुला मिळवून दिली कुणी? मी का त्यो? मी आत्ता गुपचूप दाबतो. कुनाला सांगायचं न्हाई. माझ्या मनाचं समाधान."

अयोध्यानं सासूकडं बघितलं. सासूनं पदर सावरला, म्हणजे होकार. घरचा वडीलधारा माणूस, नाही कसं म्हणणार? तिनं लॅपटॉप उघडला. त्यात एक काळी खिडकी असते. तिच्यात हुकूम लिहायचा आणि एंटरचं बटन दाबायचं, की सर्व्हर चालू होतो, आणि साईट दिसायला लागते. नानांनी टोपी सरळ केली, डोळे मिटले आणि बटन दाबलं. साईट आली. नानांनी तिला नमस्कार केला, चांगुणाबाईनं लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं, चहा झाला. अयोध्यानं ती काळी खिडकी खाली सरकवली, झाकण मिटलं आणि ती शेडाकडं निघाली. झाकण मिटलं म्हणजे सगळं बंद झालं, असं तिला वाटलं. तिथंच ती चुकली. झाकणाखाली नानांचं उद्घाटन जिवंत होतं.

पॅकिंग शेडात क्रेट रचून व्यासपीठ केलं होतं. शाळेतला प्रोजेक्टर आणला होता, पडद्याला पांढरी चादर. समोर दोन सोफे. एकावर अण्णा, दुसऱ्यावर नाना. एका सोफ्यावर ते बसत नाहीत. लॅपटॉपच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता, तो अर्ध्या बटनांवर येत होता. राजशेखर लातूरहून फोनवर व्हिडिओत हजर होता. फोन पेढ्याच्या बॉक्सला टेकवून ठेवला होता.

सत्कार झाले. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. मग अयोध्यानं नवी काळी खिडकी उघडली, हुकूम लिहिला आणि अण्णांना म्हणाली, "दाबा अण्णा."

अण्णांनी फोटोवाल्याकडं बघत बटन दाबलं.

चादरीवर लाल अक्षरं आली. चांगली हातभर.

शेडात टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं, हेच उद्घाटन. पण अयोध्याचा चेहरा बघून टाळ्या विरत गेल्या.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"सासरेबुवा, सर्व्हरला प्रॉब्लेम आहे," राजशेखर पेढ्यांजवळून बोलला. "होतं असं नवीन लोकांचं. माझ्याकडं पाठवून द्या."

"ऐकलं का?" अण्णा सोफ्याकडं वळून म्हणाले. "मी आधीच म्हणून राहिलो होतो."

चांगुणाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं वर शेडाच्या पत्र्याकडं बघितलं. मला वाटतं, तिला तिथं माळा दिसत होता.

अयोध्या वाचत होती. ओठ हलत होते. मग थांबले. तिनं हळूच नानांकडं बघितलं, आणि नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तेव्हा मला समजलं, की पोरगी पेचात सापडली. सर्व्हरला बसायला एका नंबराची जागा लागते. त्या जागेवर दुसरा आधीच बसला असेल, तर नवा बसू शकत नाही. जागा धरलेली आहे, एवढंच ती लाल अक्षरं सांगत होती. कुणी धरली, हे सांगितलं तर नानांची इज्जत जाणार आणि गट तिथल्या तिथं फुटणार. न सांगावं, तर काम लातूरला.

"अण्णा," ती म्हणाली, "बिघाड न्हाई. जागा आधीच कुनीतरी धरली हाय."

"माझी जागा? कोन हाय त्यो?"

"आता सांगून टाक की!" चांगुणाबाई पहिल्या रांगेतून ओरडली. "श्रीमंत भावजींनी सकाळीच दाबलंय आमच्या घरी. माझ्या हातानं कुंकू लावलंय मी!"

काम जाऊन लॅपटॉप माळ्यावर चढायच्या भीतीपुढं नानांची इज्जत तिला हलकी वाटली असावी.

पुढं जे झालं ते भाषणात बसणारं नाही. अण्णा म्हणाले, माझ्या उद्घाटनाच्या आधी उद्घाटन? नाना म्हणाले, तुमच्या बॅनरवर मी खिडकीएवढा, ते चाललं का? अण्णा म्हणाले, ते आधीचं बंद कर, मी नव्यानं दाबतो. नाना उठून उभे राहिले. "चालू झालेलं बंद करायचं न्हाई! नारळ फुटलेला हिरीचा पंप कुनी बंद करून परत उद्घाटन केलं का? अपशकून हाय त्यो."

खरं म्हणजे साईट सकाळपासून चालूच होती. अयोध्यानं ती चादरीवर दाखवलीसुद्धा. भाव, बागा, फोन नंबर, सगळं. पण तिकडं बघायला कुणाला सवड होती? प्रश्न आता साईटचा राहिलाच नव्हता. माझ्या शेजारचा एक शेतकरी म्हणाला, "मतदान घ्या." दुसरा म्हणाला, "जेवण आधी घ्या."

"अण्णा, नाना, दोघंबी बसा जरा," अयोध्या एकदम वरच्या आवाजात म्हणाली. सून असून. दोघं बसले, आपापल्या सोफ्यावर. "नानांचं हाय ते तीन हजार नंबरावर चालू हाय. ते बंद करत न्हाई. अण्णांना मी नवी जागा देते. तीन हजार एक. साईट तीच, दारं दोन. हाव का?"

अण्णांनी विचार केला. "माझा नंबर मोठा हाय?"

"एकानं."

"मग चालंल."

"आन माझा पहिला," नाना म्हणाले.

"हाव. तुमचा पहिला."

तिनं नंबर बदलला, अण्णांनी पुन्हा फोटोवाल्याकडं बघितलं आणि बटन दाबलं. साईट आली. जी सकाळपासून होती, तीच. एवढ्या टाळ्या मी आमच्या सरपंचालाही पडलेल्या ऐकल्या नाहीत. राजशेखरचं नेट नेमकं तेव्हाच गेलं, असं म्हणतात.

काम अयोध्याला मिळालं. ठराव अण्णांनी मांडला आणि नानांनी अनुमोदन दिलं, कारण आता उद्घाटन केलेली वस्तू वाया जाणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. पुढं तिनं साईट खरोखर नेटवर चढवली. तिथं ना तीन हजार लागतात ना तीन हजार एक, एकच साधा पत्ता, पण हे तिनं दोघांनाही सांगितलेलं नाही. लॅपटॉप माळ्यावर गेला नाही. चांगुणाबाई आता पावण्यांना सांगते, की सून गटाच्या ऑफिसात हाय, आणि ओसरीकडं बोट दाखवते.

फक्त कार्यकारिणीनं एक अट घातली. साईट उघडली, की सगळ्यात वर कोनशिला दिसली पाहिजे. संगमरवराचा फोटो, त्यावर सोनेरी अक्षरं. उद्घाटक म्हणून अण्णा, प्रथम उद्घाटक म्हणून नाना, मार्गदर्शक म्हणून राजशेखर, आणि खाली फोटोवाल्यापर्यंत सगळे. व्यापाऱ्याला भाव बघायचा तर आधी ती शिला ओलांडून खाली जावं लागतं. तिच्यावर अयोध्याचं नाव कुठंच नाही.

राहवेना म्हणून मी परवा भिंतीवरून छेडलंच. "काय गं, रोजचा भाव तू टाकतीस, बंद पडली तर रिपेर तू करतीस, आन शिलेवर फोटोवाल्याचं नाव हाय, तुझं न्हाई. असं कसं?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "ती नावं मीच टाकल्यात, भाऊजी. काढायला मला उद्घाटन लागत न्हाई."