समोरच्या दुकानात नवा माल

आमच्याकडे मार्च संपत आला की बायका एकमेकींना विचारायच्या, "यंदा काय करणार?" होळीबद्दल नाही, एकतीस तारखेबद्दल. भिलाई मध्य प्रदेशात होतं तेव्हाची ही गोष्ट. दारूच्या दुकानांचा लिलाव दरवर्षी व्हायचा आणि एक एप्रिलपासून दुकान नव्या ठेकेदाराकडे जायचं. जुना ठेकेदार उरलेला माल एकतीस मार्चला पडेल त्या भावात काढून टाकायचा. त्या दिवशी भिलाईतले पुरुष सायकलच्या कॅरियरला सिमेंटची रिकामी पोती बांधून निघायचे आणि पोती भरून परत यायचे. वर्षभर न पिणारा माणूसही त्या दिवशी घेऊन ठेवायचा, स्वस्त मिळतं म्हणून. आणि घरात ठेवलेलं कोणाच्या घरात राहतं?

आमच्या घरचे, म्हणजे हे, पोलादाच्या प्लँटमध्ये क्रेनवर होते. आधी देशी पीत. मग पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, प्लँटच्या दवाखान्यात महिनाभर राहिले. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं की यापुढे प्याले तर लिव्हर जाईल आणि लिव्हरबरोबर माणूस जाईल. ह्यांनाही सांगितलं. हे घाबरले, आणि त्या भीतीवर आमचे सात-आठ महिने बरे गेले. तोंडावर मांस आलं. भिलाईतल्या कोहक्यात आम्ही स्वतःचं घर बांधलं होतं, त्याला रंग दिला.

मार्च आला तशी मी सावध झाले. एकतीस तारखेच्या आदल्या दिवशीच ह्यांना घेऊन अहिवाऱ्याला माझ्या भावाकडे गेले. भावाच्या घरी कोणी पीत नसे. तिथे हे दिवसभर खाटेवर पडून होते, भावाच्या बैलांना नावं ठेवत होते, दोनदा जेवले. संध्याकाळी भाऊ ह्यांच्याकडे पाहून म्हणाला, "भाटवे तं चांगले झाले बाई." मला वाटलं, यंदाचा एकतीस मार्च आपण चुकवला.

दोन तारखेला वळणावर बसमधून उतरलो आणि गल्लीत शिरलो, तर आमच्या घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर टिनाचं शेड उभं होतं. शेडला लाल-हिरव्या बल्बच्या माळा. आधीचं दुकान पार तलावाकडे होतं. नव्या ठेकेदाराला ही जागा पसंत पडली. आमच्या ओट्यावरून वीस पावलं म्हणा.

शेजारीण छत्तीसगढची होती, तोंडाची फटकळ. तिच्या दारातून ओरडली, "देख दीदी, तोर घर के आघू मंदिर खुल गे!"

आणि खरंच मंदिरासारखंच चाललं होतं. नारळ फोडलेला, झेंडूची तोरणं, आणि एक माणूस ताट घेऊन गल्लीतल्या घराघरात पेढे वाटत होता. आम्ही कुलूप उघडतो न उघडतो तोच तो ओट्यावर आला. "भाई साहब, प्रसाद." ह्यांनी हात पुढे केला. प्रसाद म्हटल्यावर मी तरी काय बोलणार? ह्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पेढाच हाय," म्हणाले.

पहिले काही दिवस हे नुसते ओट्यावर बसून पाहायचे. तलावाकडच्या दुकानात देशीचे पव्वे आणि दोन-चार जातीच्या बाटल्या असत. ह्या ठेकेदाराने मात्र भिलाईने कधी पाहिलं नव्हतं ते आणलं. खिडकीला जाळी आणि जाळीमागे काचेचं कपाट. त्यात खोक्यात घातलेली व्हिस्की, खोक्याला पुढे खिडकी कापलेली, म्हणजे बाटली दिसावी. चपटी व्हिस्की, शर्टाच्या खिशात मावेल अशी. आणि बिअर, टिनाच्या डब्यात. डब्याला वर एक कडी, ती ओढली की फस्स आवाज. बाहेर एका काळ्या पाटीवर खडूने लिहायचे, "नया माल", आणि खाली काय काय आलं ते. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. सकाळी अंगणात सडा टाकताना ती पाटी मी वाचायचे.

एके दिवशी हे चप्पल घालून निघाले.

"कुठी चालले?"

"पाहून येतो."

"तुमाले डॉक्टरनं का सांगतलं?"

"डॉक्टरनं पेऊ नोको सांगतलं. पाहू नोको असं थोडी सांगतलं!"

गेले, पाहिलं, परत आले. मला वर्णन करून सांगितलं, की एका बाटलीवर पंख असलेला घोडा आहे, एक विलायती खोक्यात मखमल आहे. लहान पोरगा जत्रेतून आल्यावर सांगतो तसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला गेले. आठवडा झाला आणि येताना हातात एक डबा होता, घाम आलेला, गार.

मी म्हटलं, "हे का हाय?"

"बिअर. जवाचं पाणी हाय. हे दारूत येत नाई."

"मंग दारूच्या दुकानात कावून भेटते?"

ह्यांनी कडी ओढली. अख्खा डबा प्याले. रिकामा डबा धुऊन त्यात ब्रश-दातून ठेवलं, म्हणजे वाया गेला नाही. पुढल्या आठवड्यात खिशात चपटी आली.

मी भांडले, रडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी भूक मलाच लागली. पोरींची लग्नं झालेली, मुलगा नोकरीला लांब. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, बाबूजी को समझाओ ना." मी समजावायचं बाकी ठेवलं होतं काय?

शेवटी मी स्वतः दुकानावर गेले. खिडकीसमोर माणसांची रांग होती. मी डोक्यावर पदर घेतला आणि रांगेत उभी राहिले. माणसं एकेक करून बाजूला झाली, मारक्या म्हशीला वाट देतात तशी. खिडकीत मॅनेजर होता, उत्तरेकडचा, पान खाणारा. त्याने विचारलं, "माताजी, क्या चाहिए?"

"मेरे को लेना नहीं. तुमको देना नहीं. वो सामने के घरवाले को."

मागे कोणीतरी हसलं. मॅनेजर हसला नाही. म्हणाला, "माताजी, हम दुकान खोलके बैठे हैं, मना कैसे करें?" मी त्याला दवाखान्याचं सांगितलं, पोटातल्या पाण्याचं सांगितलं. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. ह्यांची इज्जत गेली, माझीही गेली. जाऊ दे म्हटलं. मॅनेजरने पान थुंकलं आणि म्हणाला, "ठीक है. नहीं देंगे."

त्याने शब्द पाळला. त्याच संध्याकाळी हे गेले आणि हात हलवत परत आले. जेवले, हात धुतले, झोपले. मी मनात खूश झाले.

खुशी महिनाभरही टिकली नाही. हे ड्यूटीवरून उशिरा यायला लागले. विचारलं तर म्हणायचे, क्रेन बंद पडली होती. प्लँटमधली क्रेन रोज बंद पडायला लागली. मे महिना होता. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सायकल काढून गेले आणि भर दुपारी एका रिक्षातून आले. रिक्षात हे आडवे, त्यांच्या पायांवर सायकल आडवी. जुनवानीकडच्या रस्त्याला बाभळीखाली पडले होते. तिकडे दुसरं दुकान होतं, तिथे ह्यांना कोणी ओळखत नव्हतं. अर्ध्या अंगावर ऊन आलेलं, कातडी भाजल्यासारखी लाल. रिक्षावाल्याने आणि शेजारणीच्या नवऱ्याने उचलून आत आणलं. शेजारणीचा नवरा साधा माणूस. बाहेर पडताना म्हणाला, "दुकान तो घर के सामने है दीदी, भैया इतना दूर काहे जाते हैं?"

मी त्याला पाणी दिलं.

ह्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून मी बसून राहिले. दारूने मरणार हे डॉक्टरने सांगितलंच होतं. पण उन्हात, रस्त्याच्या कडेला, कुत्र्यांमध्ये मरू नये, एवढं तरी माझ्या हातात असावं असं मला वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रांगेत उभी राहिले. ह्या वेळी माणसं बाजूला झाली नाहीत. आपला नंबर येईपर्यंत थांबले.

मॅनेजर म्हणाला, "माताजी, अब क्या हुआ?"

"उनको दो."

त्याने पानाचा तोबरा गालात एका बाजूला सरकवला. मग हळू विचारलं, "क्या दें?"

"जो कम चढ़े."

तो आत गेला आणि एक डबा आणून जाळीतून माझ्यापुढे ठेवला. नवीनच आला होता, निळा, म्हणाला की सगळ्यात हलका हाच आहे. मी तो हातात घेऊन पाहिला. माझ्या आयुष्यात मी दारूच्या दुकानात उभी राहून माल निवडला तो असा. "एक देना," मी म्हटलं. "दूसरा माँगे तो बोलना, खतम हो गया. चपटी माँगे तो वो भी खतम."

त्यानंतर वर्षभर असंच चाललं. हे संध्याकाळी समोर जायचे, निळा डबा घेऊन यायचे, ओट्यावर बसून प्यायचे. मी बाजूला तांदूळ निवडत बसायची. आणि हे रोज कुरकुर करायचे.

"एवढं मोठं दुकान मांडलं, अन् रोज माल खतम! कायचा ठेकेदार हाय हा? याले धंदा येत नाई."

"नसंन येत," मी म्हणायची.

"समोर कपाटात बाटली दिसून राहिली, अन् हा मले म्हणते खतम!"

"ते नुसतं खोकं असंन, दिखाव्याचं."

मालाचा ट्रक आला की मी दारात जाऊन उभी राहायची. काय उतरतं ते बघायची. काही चमकदार उतरलं की मॅनेजर लांबूनच मला मान हलवून दाखवायचा, म्हणजे हे ह्यांना द्यायचं नाही. शेजारीण म्हणायची, "दीदी, अब तैं दुकान में नौकरी कर ले." गल्लीतल्या पुरुषांपेक्षा मला जास्त ठाऊक असायचं, कोणती नवी आली आणि कोणती जोरदार आहे. ह्याने ह्यांचं लिव्हर बरं झालं असं नाही. पाय सुजायला लागले होते. पण घरासमोर होते, डोळ्यासमोर होते.

मग पुन्हा मार्च आला. मॅनेजर मला म्हणाला, "माताजी, हमारा इकतीस तक ही है. ठेका दूसरे को गया."

मी म्हटलं, "तो नए आदमी को मेरा बोलके जाना."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "वो हमारी सुनेगा? वो तो हमारी दुकान ले गया, माताजी."

त्या वर्षी अहिवाऱ्याला जाणं झालं नाही. ह्यांचे पाय एवढे सुजले होते की बसच्या पायरीवर चढवत नव्हतं. एकतीस तारखेला सकाळपासून गल्लीत सायकलींची दाटी. पोती, थैल्या, एकाने तर पोराच्या दप्तरात बाटल्या भरल्या. हे ओट्यावर बसून बघत होते. ह्यांच्याबरोबर काम केलेला एक जण दोन चपट्या ह्यांच्या मांडीवर ठेवून गेला, "काका, हमारी तरफ से." मी समोर पाहिलं. खिडकीत मॅनेजर होता. त्याने दोन्ही हात वर केले आणि पुन्हा माल द्यायला वाकला. मी ह्यांच्या मांडीवरच्या बाटल्या उचलायला गेले तर ह्यांनी माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, पण धरून ठेवलं. मी ओढलं असतं तर सुटलं असतं. ओढलं नाही.

एक एप्रिलला नारळ फुटला. नव्या माळा, नवी पाटी, नवी माणसं. पाटीवर पार खालपर्यंत लिहिलं होतं. निळ्या डब्याचं नाव त्यात नव्हतं. मी पदर घेऊन रांगेत उभी राहिले. खिडकीत एक तरुण माणूस होता, घाईतला.

"माताजी, जल्दी बोलिए."

मी त्याला सांगायला लागले. समोरचं घर, सुजलेले पाय, एकच द्यायचा, दुसरा मागितला तर खतम म्हणायचं. तो ऐकत होता की नव्हता, मला कळलं नाही. मागून माणसं ढकलत होती. तो म्हणाला, "माताजी, आज पहला दिन है, किस-किस का चेहरा याद रखें?" आणि ताटातला एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "प्रसाद लीजिए. हाँ भैया, आगे आओ."

मी बाजूला झाले. वळून पाहिलं तर हे ओट्यावरून उतरले होते. भिंतीला हात लावत, एकेक पाय उचलत रस्ता ओलांडत होते. मी तिथेच उभी राहिले. हे माझ्याजवळ आले, थांबले, दम घेतला.

"तू कावून आली इथं?"

"पेढा घ्यायले," मी म्हटलं, आणि तो ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी खाल्ला आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. पाय धड टेकत नव्हते. मी ह्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि ह्यांचा दंड धरला, पडू नयेत म्हणून. रांग हळूहळू पुढे सरकत होती.