कातड्याचा वास नव्हता तो

"तिला आधी त्या बाकावरनं उठव. बाहेर बसव. वास येतोय."

डॉक्टर माझ्याशी बोलत होते. उठवायचं होतं माझ्या बायकोला. ती माझ्या शेजारीच बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिला सगळं ऐकू येत होतं. पण तिच्याशी कोण बोलतंय?

दवाखाना भरलेला. पेठेतल्या बायका, एक मास्तरीण, कडेवर पोरं. सगळ्यांनी नाकाला पदर लावले. त्याआधी कुणी लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले आणि मग सगळ्यांना वास यायला लागला.

हौसा उठली. पायरीवर जाऊन बसली. कंपौंडर फिनेलचं फडकं घेऊन आला आणि ती बसली होती तेवढी जागा त्यानं पुसली. तिच्या देखत.

मी म्हणालो, "डाक्टरसाहेब, तिच्या अंगावरनं जातंय. पाळी जाऊन लई वर्सं झाली, तरी जातंय. पाण्यागत. कधी लालसर."

"अरे, बायकांना जातच असतं अंगावरनं. अशक्तपणा आहे. आणि वासाचं म्हणशील तर तुम्ही दिवसभर त्या कुंडांत. कातड्याचा वास आहे तो. घरी साबण आहे की नाही? चांगली घासून आंघोळ करायला सांग तिला. मग आण."

हात लावला नाही. नाडी धरली नाही. पायरीपर्यंत आले नाहीत. खुर्चीतनंच चिठ्ठी लिहिली, ताकदीच्या गोळ्या आणि लाल औषध.

मी खाली बघत होतो. टेबलाखाली त्यांचे पाय दिसत होते. पायात पायताण होतं. माझ्या हातचं.

आम्ही कोल्हापुरातली पायताण करणारी माणसं. गल्लीच्या मागं आमची कुंडं. कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात टाकायचं, मग हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमवायचं. हिरड्याची पोती मलकापूरकडनं यायची. वास असायचाच. आमच्या अंगाला, कपड्याला, भाकरीला. आम्हाला तो कळायचाही नाही. दुसऱ्यांनी नाक धरलं की कळायचा.

कातडं कापायचं आणि तळ शिवायचा पुरुषांनी. वरची वेणी बायकांनी घालायची. कातड्याची बारीक वादी घ्यायची, ओली करायची, एक टोक दातात धरायचं आणि दोन्ही हातांनी विणत जायचं. हौसासारखी वेणी आख्ख्या गल्लीत कुणाची नव्हती. गिऱ्हाईक वेणी बघून पायताण उचलायचं. डॉक्टरांच्या पायातली वेणी तिचीच. तिच्या दातात धरलेली वादी त्यांच्या पायाला चालत होती. ती बाई त्यांच्या बाकाला चालली नाही.

घरी आलो. हौसानं न्हाणीत पाणी काढलं आणि अंग घासायला बसली. साबणानं घासलं, मग शिकेकाईनं, मग दगडानं. बाहेर आली तर दंड लालभडक.

मी म्हणालो, "अगं, कातडं सोलतीस का काय सोताचं?"

ती म्हणाली, "आमचं कातडं बी कमवाय पायजे म्हणं. डाक्टर म्हणला न्हवं?"

असं बोलायची ती. हसत हसत. मला हसू आलं नाही.

मग रोजचंच झालं. दोनदा आंघोळ, तीनदा आंघोळ. घड्या घालून फडकी घ्यायची, ती धुवायची, लुगड्याच्या आड वाळत घालायची. उन्हात घालायची चोरी, कुणी बघेल म्हणून. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, "धुपणी हाय ती. कुणाला न्हाय? उगं बोभाटा करू नगंस." त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनाच अंगावरनं जायचं आणि सगळ्याच गप्प. आणि आमच्या गल्लीत वास वेगळा ओळखायचा कसा? नाकातच कातडं बसलेलं. डॉक्टर म्हणतो म्हणजे कातड्याचाच असणार. शिकलेला माणूस.

गोळ्या संपल्यावर परत गेलो. हौसानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. चंदनाच्या साबणानं आंघोळ केली होती. वर पावडर.

कंपौंडर दारातच म्हणाला, "काय पावणं! आज वैनींनी अत्तराची बाटलीच वतून घेतलीया जणू!"

बाकावरची माणसं हसली. हौसा बाकाकडं गेलीच नाही. आपण होऊन पायरीवर बसली. डॉक्टरांनी आतनंच मान लांब करून बघितलं आणि म्हणाले, "बघ, आता कसं स्वच्छ वाटतंय! सांगितलं होतं की नाही? त्याच गोळ्या चालू ठेव."

ती बरी झाली असं ठरवलं त्यांनी. साबणाच्या वासावरनं.

पुढं तिची कंबर धरायला लागली. ओटीपोटात दुखायचं. वेणी घालताना मधेच थांबायची, वादी दातात तशीच. जाणं तर वाढतच चाललं. मांस धुतलेल्या पाण्यासारखं, ती म्हणायची. मला ती सांगायची, पण भिंतीकडं तोंड करून.

उचगावात तिची धाकटी बहीण दिली होती, रखमा. तिचा नवरा कारखान्यात कामाला. जत्रेला म्हणून हौसा तिच्याकडं गेली आणि अंग दुखतंय म्हणून तिथंच राहिली. चांगली आठवडाभर राहिली. न्यायला गेलो तर रखमा मला परड्यात घेऊन गेली. दोरीवर हौसाची फडकी होती. सरळ उन्हात वाळत घातलेली.

"दाजी, माझ्या घरात कातडं कुटं हाय दावा."

"कातडं कशाला आसंल तुझ्या घरात?"

"लुगडं माजं नेसलीया. हातरूण माजं. कुंडाचं पाणी आठ दीस बगितलं न्हाय तिनं. मग ह्यो वास कसला?"

मी दोरीवरच्या फडक्यांकडं बघितलं.

"कातड्याचा न्हवं दाजी ह्यो. आतनं येतुया. अक्का आतनं सडाय लागलीया आन् तुमी तिला साबण लावतायसा!"

गडीमाणसासमोर बाई असं बोलत नाही. रखमा बोलली. मला तो शिकलेला डॉक्टर आठवला. एवढं साधं त्याला का नाही कळलं? मग कळलं मला. त्याला रोगी दिसलाच नव्हता. आम्ही कोण, एवढंच दिसलं होतं. बाई कुठल्या गल्लीतली ते बघून त्यानं रोग ठरवला.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी हौसाला आत घेतलं, टेबलावर झोपवलं, दिवा लावून तपासलं. कुणी नाकाला फडकं धरलं नाही. हौसाला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. तिनं मला नंतर सांगितलं, "अवं, त्येनी माझ्या मांडीवर हात ठेवला आन् म्हणाल्या, भिऊ नका."

तपासून झाल्यावर बाई बाहेर आल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "इतके दिवस काय करत होता?"

"डाक्टरला दावलंय की, बाई. दोनदा."

"तपासून काय म्हणाले ते?"

"तपासलं न्हाई. कातड्याचा वास हाय म्हणाले."

बाई हात धूत होत्या. तशाच थांबल्या. नळ वाहत राहिला.

मग त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं. बाप्यासारखा बाप्या मी, पण मलाही सांगितलं, सोप्या भाषेत. बायकांच्या अंगावरनं थोडं पांढरं, बिनवासाचं जातं. पाळीच्या मागंपुढं जास्त जातं. त्याला भ्यायचं कारण नाही. पण दह्यासारखं जायला लागलं आणि खाज सुटली, पिवळं-हिरवं झालं, आग व्हायला लागली, ओटीपोटात दुखून ताप आला, तर दवाखाना गाठायचा. घाण वास आला तर धूत बसायचं नाही, दाखवायचं. आणि पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला, किंवा नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त गेलं, तर थांबायचंच नाही. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही. पण तो नाही हे तपासल्याशिवाय कुणालाच म्हणता येत नाही.

हौसाला तोच होता. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी. पसरलेला.

मिरजेला विजेचे शेक दिले. केस नाही गेले तिचे, पण अंग वाळून गेलं. अखेरीला तिला माझ्या हातचं पाणी चालायचं, बाकी काही नाही. मरायच्या आधी मला म्हणाली, "मला न्हाऊ घालू नगा आता. लई न्हाले."

मेलेल्या माणसाला न्हाऊ घालावंच लागतं. बायकांनी घातलं. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो.

वर्ष सरलं नसेल, डॉक्टरांचा निरोप आला. मुलाचं लग्न आहे, पायाचं माप घेऊन जा. गेलो. बंगल्याच्या व्हरांड्यात ते खुर्चीत बसले, मी खाली. कागद पसरला. त्यांनी पाय कागदावर ठेवला. आमची रीतच ती. पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या मापानं तळ कापायचा. मी टाचेकडनं सुरुवात केली.

"वेणी मात्र मागच्यासारखीच हवी हां. कोण घालायचं रे ती?"

"हौसा. माझी बायकू."

"हां, तिच्याकडनंच घालून घे."

"ती मेली."

"अरेरे. कशानं?"

"वासानं."

त्यांना कळलं नाही. मी वर बघितलं. त्या माणसाच्या तोंडाकडं मी तोवर कधी सरळ बघितलं नव्हतं. पायच बघत आलो होतो.

"तुमी कातड्याचा म्हणलासा न्हवं, त्यो वास. कॅन्सरचा हुता त्यो. मिरजंच्या बाईंनी टेबलावर घेऊन तपासलं, तवा कळलं."

त्यांचा पाय कागदावरनं हलला.

"अरे, मग नीट सांगायचं नाही का? बायका लपवतात, आणि नंतर डॉक्टरला दोष."

"सांगितलं की. पाळी जाऊन वर्सं झाली, लालसर जातंय, म्हणून सांगितलं. ती पायरीवर बसली हुती. तुमी उठून आला न्हाईसा."

"बोलतोयस कुणाशी?"

"ज्याच्या पायाचं माप घेतुय त्येच्याशी. आता न्हाई घेत."

पेन्सिल खिशात घातली. अर्धा पाय काढलेला कागद तिथंच ठेवला आणि उठलो. घरातनं त्यांची बायको ओरडली, "माजलेत सगळे!" फाटकातनं बाहेर पडेपर्यंत ऐकू येत होतं. त्या घरात परत गेलो नाही. त्या पायाला परत हात लावला नाही.

पण तेवढ्यानं काय होतं? एक माणूस दुसऱ्याकडनं पायताण घेईल. हौसा गेली ती गेली.

म्हणून मी बोलायला लागलो. कुंडावर, बारशाला, लग्नाच्या पंगतीत. बायकांना आणि त्यांच्या नवऱ्यांनाही. अंगावरनं कसलं जातंय? वास येतोय? खाज हाय? पाळी गेल्यावर डाग दिसला? गल्लीतली पोरं हसली. म्हातारं चळलंय म्हणाली. सुनांनी तोंडाला पदर लावले. एक चुलतभाऊ म्हणाला, "लाज न्हाय वाटत बायकांचं बोलाय?" मी म्हणालो, "लाज माझ्या बायकूला लई हुती. ती जाळून आलोय."

आता हसत नाहीत. आता येतात. आधी भिंतीकडं तोंड करून सांगतात, मग माझ्याकडं बघून.

बाईला दवाखान्यात न्यायचं झालं की मी बरोबर जातो. तिला बाकावर बसवतो, मधोमध. नंबर आला की तिला आत पाठवतो आणि दारात उभा राहतो. न तपासता चिठ्ठी लिहिली तर ती चिठ्ठी घेऊ देत नाही. डॉक्टर म्हणतो, सरक. मी म्हणतो, टेबलावर घ्या, तपासा, मग सरकतो. शिव्या खाल्ल्यात. एकदा कंपौंडरनं ढकललं. गुडघा फुटला. परत उठून तिथंच उभा राहिलो.

पायात जोर आहे तोवर मी त्या दारात उभा राहणार. आमची बाई आता पायरीवर बसणार नाही.