नाकाची सही

कोरोनानं माझं दुसरं काही नेलं नाही, फक्त वास नेला. नाक आहे जागेवर, पण आत सगळा शुकशुकाट. मास्तर असतो तर काय बिघडणार होतं? पण मी पडलो गॅस एजन्सीचा माणूस, घरोघरी जाऊन गळती तपासणारा! एजन्सीत कळलं असतं तर घरीच बसवलं असतं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती. वर उगाच नाक फेंदारून "हं, वास नाही" म्हणायचं. इतकी वर्षं खपून गेलं.

मग राहुरीजवळच्या एका वस्तीवर, एका सासू-सुनेच्या घरी तपासणीला गेलो. सासूबाई दारात शेंगा फोडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आठ दिस झालं बोंबलतीय, घरात गॅसचा वास येतोय. कुनी ऐकंल तर शपथ!"

"त्यांचं रोजचंच हाय, दादा," सून म्हणाली. "मला कसा न्हाई येत?"

शेगडी बंद करायला लावली. नळी, रेग्युलेटर, सगळीकडं फेस लावला. एक बुडबुडा नाही. नाक फेंदारलं, फॉर्म काढला. त्यात 'गळती आढळली नाही' अशी ओळ आणि खाली माझी सही. म्हणजे उद्या भडका उडाला तर मान माझीच.

पेन टेकवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कर की सही. पर आदी माज्याकडं बघून म्हन, वास न्हाई."

बघितलं त्यांच्याकडं. पेन खाली ठेवलं.

"मावशी, मला वासच येत नाही. कोरोनापासून."

सून मटकन खाली बसली. "मलाबी न्हाई येत," ती म्हणाली. "भाजी उगाच करपती व्हय रोज? म्हनलं, सांगितलं तर बोलनी बसतील."

"आगं भवाने! आन् येडी मी ठरले व्हय?" सासूबाई उठल्या, हुंगत हुंगत गव्हाच्या पोत्यांमागं गेल्या. "हितं बघ."

तिथं भरलेला जादा सिलिंडर होता. तोंडावर फेस टाकला तर बुडबुड्यांची जत्रा! दारं-खिडक्या उघडल्या, सिलिंडरची टोपी घट्ट बसवली, तो उचलून अंगणात नेला.

"एजन्सीत सांगाल का, मावशी?"

"मी कशाला सांगू? सही तुजी हाय, तूच लिव्ह."

लिहिलं. 'गळती आढळली. तपासणाऱ्याला वास येत नाही.' आणि नाक मुठीत धरून एजन्सीत गेलो. साहेबांनी तासभर झाडलं, पण काढलं नाही. आता सही मी एकट्यानं करायची नाही. घरातल्या ज्याला वास येतो, त्याची सही आधी.

त्या घरचा फॉर्म नव्यानं भरायला गेलो, तर दारातूनच सासूबाई ओरडत होत्या, "आगं, भाजी लागली!" सून हसत शेगडीकडं पळाली. फॉर्म पुढं केला. सासूबाईंनी चष्मा लावून सावकाश सही केली आणि म्हणाल्या, "खाली लिव्ह, तुमी दोगंबी हजर हुता. नाकासकट."